सव्वा महिन्याचं पोट

घरात बाळ आलं की पहिला आठवडा नाक कुणावर गेलं आणि कान कुणाचे घेतले या चर्चेत जातो. दुसऱ्या आठवड्यापासून विषय बदलतो आणि पुढचे तीन महिने तोच राहतो. शी झाली का? कितीदा झाली? पातळ की घट्ट? काल पिवळी होती, मग आज हिरवी का? बाप कामावरून फोन करतो तो आधी हेच विचारतो. एरवी जेवताना असा शब्द निघाला तर ताट सरकवून उठणारी माणसं वरणभात कालवता कालवता दुपट्यावरचा डाग एकमेकांना दाखवतात आणि त्यावर मतं देतात.

या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी जाऊन बसले. दीड महिन्याच्या लशींना आलेली बाळं, त्यांच्या आया आणि प्रत्येकीबरोबर किमान एक आजी. सिस्टर सिरिंज भरत होत्या. माहेरी बाळंतपणाला आलेली एक मुलगी पुढे झाली. ती काही बोलण्याआधी तिची आईच बोलली, "सिस्टर, पाच दिवस झाले, पोरानं शी केली नाही. सुई देऊ का नको?"

सिस्टरांनी हातातलं काम न थांबवता विचारलं, "अंगावरच पितंय ना? वरचं काही?"

"अंगावरच."

"शू किती वेळा?"

"सात-आठ लंगोट होतात की."

बाळाला काट्यावर ठेवलं. जन्माला २ किलो ९००, आज ४ किलो १००. सिस्टरांनी दोन बोटांनी बेंबीच्या बाजूला दाबून पाहिलं. पोट मऊ होतं आणि बाळ त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करत होतं. "काही झालेलं नाही. होईल तेव्हा होईल." आजींना हे पटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "पाच दिवसांचं आत साचलंय, ते अंगात भिनणार नाही का?" तेवढ्यात सुई टोचली गेली, बाळानं किंकाळी फोडली आणि पाच दिवसांचा हिशेब तिथल्या तिथे आजींच्या मांडीवर चुकता केला. शी पिवळीधमक होती, लोण्याइतकी मऊ. लोक हसले. आजीही हसल्या, पण उठताना लेकीला म्हणाल्याच, "घरी गेल्यावर गुटी देऊ."

मला सांगायचं आहे ते या शेवटच्या वाक्याबद्दल. तान्ह्या बाळाच्या पोटाचं आपलं असं एक वेळापत्रक असतं. त्यानुसार ते बिघडल्यासारखं दिसतं आणि त्याच वेळापत्रकानं सुधारतं. मधल्या काळात आपण जे काही चाटवतो, चोळतो, ओवाळतो, त्याला यशाचं श्रेय मिळत जातं.

वेळापत्रक पहिल्या दिवसापासून सुरू होतं. पहिली शी काळी, हिरवट झाक असलेली, डांबरासारखी चिकट. बाळानं आईच्या पोटात गिळलेलं पाणी, आतड्याच्या झडलेल्या पेशी आणि पित्त यांची ती बनलेली असते. बहुतेक बाळं ती पहिल्या चोवीस तासांत करतात. पहिलं चिकाचं दूध थोडं सारक असतं, त्यामुळे ही शी लवकर बाहेर पडते आणि तिच्यातलं पित्तद्रव्य पुन्हा रक्तात शोषलं जाणं कमी होतं. म्हणजे कावीळ वाढायला एक कारण कमी. 'चीक जड असतो, पिळून टाका' म्हणणारी माणसं आता कमी उरली आहेत, पण संपलेली नाहीत. गाईच्या चिकाचा खरवस आवडीनं खाणाऱ्या आपल्या समाजाला स्वतःच्या बाळाच्या तोंडचा चीक का नकोसा वाटावा, याचं उत्तर मला मिळालं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट-तपकिरी होतो. पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळा येतो, त्यात बारीक कण दिसतात, वास उग्र न येता आंबूस येतो. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर त्याचा अर्थ बहुधा एकच: बाळाच्या पोटात पुरेसं दूध जात नाही. अशा वेळी बाळ स्तन तोंडात कसं धरतं ती पकड बघायला हवी, वजन करायला हवं. पहिल्या महिन्याभरात अंगावर पिणारं बाळ दिवसातून तीन-चारदा शी करतं. कित्येक बाळं प्रत्येक पाजण्यानंतर करतात, कारण पोटात दूध उतरलं की मोठं आतडं आपोआप आकुंचन पावतं. याला हगवण समजून औषध देणारे आईबाप दवाखान्यात रोज येतात. आणि मग सहा आठवड्यांच्या सुमारास अचानक सगळं थंडावतं. दोन दिवस, चार दिवस, काहींच्या बाबतीत आठवडाभर आणि त्याहूनही जास्त दिवस शी नाही. आईच्या दुधातलं जवळजवळ सगळं अंगी लागतं, टाकण्यासारखं फार थोडं उरतं. बद्धकोष्ठ म्हणायचं ते टणक, कोरडे खडे पडले तर. मऊ शी आठ दिवसांनी झाली तरी ते बद्धकोष्ठ नाही.

इथे एक अट आहे, आणि ती विसरली जाते. हा दिलासा दीड महिन्यानंतरच्या बाळाला लागू आहे. पंधरा दिवसांचं बाळ चार दिवस शी करत नसेल तर 'अंगावरच्या बाळांचं असंच असतं' म्हणून सोडून देऊ नये. त्या वयात कमी शी म्हणजे बरेचदा कमी दूध. खूण सोपी आहे: पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, दहा-पंधरा दिवसांत जन्मवजन परत भरून येणं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमची वाढ. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी सुई भरता भरता विचारलेले प्रश्न नेमके हेच होते.

तान्ह्या बाळाच्या शीला विज्ञानात जी प्रतिष्ठा आहे ती आजीच्या काळजीपेक्षा कमी नाही. म्युनिकमध्ये काम करणारा थिओडोर एशेरिश हा तरुण बालरोगतज्ज्ञ १८८५-८६ च्या सुमारास तान्ह्यांची शी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. तिच्यात त्याला जो जिवाणू सापडला तो आज त्याच्याच नावानं 'इ. कोलाय' म्हणून ओळखला जातो आणि जगातल्या प्रयोगशाळांत त्याच्याइतका अभ्यास क्वचितच दुसऱ्या जिवाचा झाला असेल. पुढे १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आँरी तिसिए यानं अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीतून दुसरा एक, दोन फाटे फुटलेला जिवाणू वेगळा काढला. तो 'बिफिडो'.

या बिफिडोचं आईशी असलेलं नातं मोठं विलक्षण आहे. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशाखालोखाल सगळ्यात जास्त असतात त्या काही खास साखरा, दीडशेहून जास्त प्रकारच्या. बाळाला त्या पचवताच येत नाहीत. मग त्या कुणासाठी? तर बाळाच्या आतड्यातल्या या जिवाणूंसाठी. त्या खाऊन जिवाणू आम्ल तयार करतात, त्या आम्लात घातक जंतूंना वाढणं अवघड होतं, म्हणून त्या शीला आंबूस वास येतो. आणि या सगळ्या खटाटोपात वायूही तयार होतो. 'गॅस झालाय' हे निदान दहातल्या नऊ घरांत आजार म्हणून केलं जातं. प्रत्यक्षात बराचसा वायू हा आतडं नीट वसत असल्याचा भाग असतो.

तरीही बाळ कुंथतं. तोंड लालबुंद होतं, पाय पोटाशी ओढतं, दहा-पंधरा मिनिटं किंचाळतं आणि मग जी शी होते ती अगदी पातळ. बघणाऱ्याला कळत नाही की एवढ्या मऊ शीसाठी एवढा आटापिटा कशाला. या अवस्थेला पोटविकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वेगळं स्थान आहे. २०१६ च्या 'रोम-४' निकषांनुसार नऊ महिन्यांच्या आतल्या, एरवी निरोगी असलेल्या बाळानं मऊ शीआधी किमान दहा मिनिटं कुंथणं-रडणं हा आजार नव्हे. शी करायला दोन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात: वरून पोटाचा दाब द्यायचा आणि त्याच क्षणी खालचे स्नायू सैल सोडायचे. बाळ दाब देतं, पण सोडायच्या ऐवजी आवळतं. रडणं हीसुद्धा दाब देण्याची त्याची रीत. काही आठवड्यांत त्याचं त्याला जमतं.

पण आपल्याकडे तेवढा धीर कुणाला? विड्याच्या पानाचं देठ एरंडेलात बुडवून गुदद्वाराशी लावायचं, हा उपाय कोकणापासून विदर्भापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. काही घरांत साबणाची चिपटी, काही घरांत थर्मामीटरचं टोक. लगेच शी होते, त्यामुळे उपाय लागू पडल्याची खात्री पटते. साबणानं आतली नाजूक त्वचा सोलपटते, देठानं चीर पडते, आणि जी गोष्ट बाळानं स्वतः शिकायची ती बाहेरून ढोसल्याशिवाय होईनाशी होते. न्हाऊ घालायला येणाऱ्या एका अनुभवी बाईंना मी याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आमी पाय पोटाशी दाबतो, सायकल करतो, बेंबीभवती उजवीकडून डावीकडं तेल फिरवतो. देठ कशाला? घरच्यांना घाई आसती." मोठ्या आतड्याची दिशाही बाळाच्या उजवीकडून डावीकडेच जाते. बाईंनी शरीरशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही.

आता रडण्याबद्दल. दिवे लागणीला बाळ रडायला लागतं, घेतलं तरी रडतं, ठेवलं तरी रडतं, पाजायला घेतलं तर तोंड फिरवतं. तिन्हीसांजेचं हे रडणं आपल्याकडे दृष्टीच्या खात्यात जमा होतं. मीठ-मोहऱ्या, सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत किंवा आता गॅसवरच्या तव्यात टाकल्या जातात, ठसका उठला नाही तर 'बघ, केवढी दृष्ट होती'. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ऐंशी बाळांच्या आयांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदींवरून दाखवलं की निरोगी बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याला दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचतं आणि मग उतरत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आटोक्यात येतं. त्यातलं जास्तीत जास्त रडणं संध्याकाळचं. त्याआधी १९५४ मध्ये मॉरिस वेसल यांनी 'कोलिक'ची व्याख्या केली होती: धडधाकट बाळानं दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणं. तीन-तीन-तीनचा हा हिशेब आता निदानासाठी वापरत नाहीत, कारण कुठलीही आई घड्याळ घेऊन बसत नाही. पण डॉक्टरांच्या तोंडी तो अजून आहे.

सहावा आठवडा म्हणजे आपला सव्वा महिना. बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, ओव्याची-बाळंतशेपाची धुरी, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू हे सगळं सव्वा महिन्याला आवरतं. बऱ्याच मुली त्याच सुमारास किंवा थोडं पुढेमागे सासरी जातात. नेमकी त्याच आठवड्यात बाळाची शी विरळ होते आणि रडणं शिगेला पोचतं. सासरी त्याचा अर्थ 'माहेरी लाडावून ठेवलंय' असा होतो, माहेरी 'सासरचं पाणी बाधलं' असा. दोन्हीकडे बाळाच्या आईच्या दुधावर संशय येतो. "दूध पुरत नाही, एक बाटली लाव" हे वाक्य मी जेवढ्यांदा ऐकलं तेवढं याच वयाच्या बाळांच्या बाबतीत ऐकलं. शासनाच्या घरभेटींचा पहिला टप्पाही इथेच संपतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि त्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या भेटींचे दिवस ठरलेले: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बेचाळिसाव्या दिवशी या टप्प्यातली शेवटची भेट होते. पुढची नियमित भेट तिसऱ्या महिन्यात. सगळ्यात जास्त रडण्याच्या तोंडावर आईला समजावून सांगणारं माणूस घरातून बाहेर पडतं.

न बोलणाऱ्या बाळाचं दुखणं ओळखायची गरज माणसाला फार जुन्या काळापासून पडलेली आहे. आयुर्वेदातला बालरोगांचा ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिच्यात कुठे दुखतं आहे हे बाळाच्या हालचालींवरून कसं ओळखावं यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. पोट दुखत असलेलं बाळ स्तन सोडून देतं, रडतं, उताणं होऊन अंग मोडतं, पोट ताठ आणि गार लागतं, तोंडावर घाम येतो, असं त्यात वर्णन आहे. हे निरीक्षण आजही कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला मान्य होईल. पण निरीक्षण बरोबर असलं म्हणजे त्यावर पुढच्या पिढ्यांनी जोडलेले सगळे उपाय बरोबर ठरत नाहीत.

पुण्यात मंडईच्या परिसरातल्या एका काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीचा संच मागितला. मालकांनी पुडा उलगडून एकेक वस्तू काउंटरवर मांडली: पिळाची मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, मायफळ, जायफळ, बदाम, खारीक. मुरुडशेंगेचा पीळ बघूनच ती पोटातल्या मुरड्यावर चालते असं कुणाला तरी वाटलं असणार, हा माझा तर्क. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात एकेक वस्तू उगाळायची आणि माप वळशांनी मोजायचं. वळसा म्हणजे सहाणेवरचा एक फेरा. मालक म्हणाले, "बदामाचे दहा चालतील, खारकेचे पाच. जायफळाचा मात्र एक. दोन झाले तर पोर संध्याकाळपर्यंत उठायचं नाही." मग चांदीच्या बोंडल्यानं ते तोंडात सोडायचं.

जायफळाबद्दलचं त्यांचं बोलणं मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होते. गुटी दिली की बाळ शांत होतं याची जी साक्ष घरोघर मिळते, तिचं एक कारण त्यांनीच सांगून टाकलं होतं. जायफळ जास्त झालं तर गुंगी आणतं, हे वैद्यांनाही माहीत आहे आणि विषबाधेवर काम करणाऱ्यांनाही. वेखंडातल्या एका द्रव्यामुळे प्रयोगशाळेतल्या उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. एका वळशात ते नगण्य असेल. पण वळसा आजीच्या मनगटाच्या जोरावर ठरतो, बाळाच्या वजनावर नव्हे, आणि जमिनीवर ठेवलेली, काल धुतलेली सहाण कुणी उकळून घेत नाही. मला गुटीचा राग नाही. ती एकेकाळी घरात उपलब्ध असलेलं एकमेव बालरोगशास्त्र होती. पण सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाला तिची गरज आहे असं दाखवणारं काही मला सापडलं नाही. जन्मघुटी म्हणून सोन्याच्या काडीनं चाटवलेल्या मधाबद्दल तर दुमत नको. मधात बोट्युलिझमचे सुप्त बीजाणू असू शकतात. तान्ह्यांना होणारा हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ओळखला गेला आणि त्याचं सुरुवातीचं लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असतं. एक वर्षाच्या आत मध नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांच्या आतल्या भारतीय बाळांपैकी ६३.७ टक्के निव्वळ स्तनपानावर होती. बाकीच्यांच्या तोंडात काय काय जातं त्याची यादी केली तर बाटलीच्या बरोबरीनं गुटी, ग्राइप वॉटर आणि साखरपाणी निघेल.

ग्राइप वॉटरला आपण विलायती समजतो, पण त्याचा गाभा आपल्या ओळखीचा आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा औषधविक्रेता विल्यम वुडवर्ड यानं ते १८५१ मध्ये बनवलं. त्यात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि साडेतीन टक्क्यांच्या वर मद्यार्क होता. शेपूचं बी म्हणजे आपला बाळंतशेपा. म्हणजे नॉटिंगहॅमची बाटली आणि आपल्या आजीची धुरी एकाच रोपावर आल्या. बाळं शांत कशामुळे होत होती, शेपूमुळे, साखरेमुळे की मद्यामुळे, याचा अंदाज वाचकांनीच करावा. मद्यार्क पुढे काढला गेला. उरलेल्याचा उपयोग होतो असं कुठल्याही नीट केलेल्या चाचणीत ठरलेलं नाही.

हल्ली आजीऐवजी केमिस्ट सल्ला देतो. पोटातले बुडबुडे फोडणारं सिमेथिकोन हे औषध चाचण्यांमध्ये साध्या पाण्यासारख्या औषधाहून सरस ठरलं नाही. त्यानं अपायही होत नाही, त्यामुळे डॉक्टर कधीकधी आईच्या समाधानासाठी लिहून देतात. धोका दुसऱ्या औषधाचा आहे. डायसायक्लोमिन हे पोटाच्या कळांवरचं औषध दिल्यावर तान्ह्या बाळांचा श्वास थांबल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आणि सहा महिन्यांच्या आत ते द्यायचं नाही असा स्पष्ट इशारा आला. शेजारणीच्या मोठ्या मुलाची उरलेली बाटली म्हणूनच कधी आणू नये. जे थोडंफार लागू पडल्याचं दिसतं ते एका विशिष्ट जिवाणूचे, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचे थेंब. २०१८ मध्ये चार चाचण्यांतल्या बाळांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा अंगावर पिणाऱ्या कोलिकच्या बाळांचं रडणं तीन आठवड्यांत दिवसाला साधारण २५ मिनिटांनी जास्त कमी झालं. तीन तासांतली पंचवीस मिनिटं. घ्यायचे की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आईच्या ताटावर मात्र सगळ्यात जास्त अन्याय होतो. वाल नको, हरभरा नको, कोबी, बटाटा, फणस वातूळ. आईनं वाल खाल्ले तर वायू तिच्या मोठ्या आतड्यात होतो. जो चोथा पचत नाही त्यावर तिथले जिवाणू काम करतात म्हणून. तो चोथा रक्तात जात नाही आणि वायू दुधात उतरत नाही. वास-चव मात्र उतरते. १९९१ मध्ये अमेरिकेत आयांना लसूण खायला देऊन पाहिलं तर बाळं उलट जास्त वेळ स्तनाशी राहिली. एक अपवाद खरा आहे: काही बाळांना आईनं घेतलेल्या गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. त्यांच्या शीत शेंबडासारखा स्राव आणि रक्ताचे धागे दिसतात. तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईचं दूध-दही-पनीर दोन ते चार आठवडे बंद करून पाहतात, बाळाचं अंगावरचं नाही. बाकी बाळंतिणीनं पोटभर जेवावं.

पकडीबद्दल इतकंच की तिच्यावर फार अवलंबून आहे आणि ती शिकवायला फार थोडी माणसं आहेत. बाळानं नुसतं स्तनाग्र तोंडात घेतलं तर ते दुधापेक्षा हवाच जास्त ओढतं. सुरुवातीचं दूध पातळ, स्तन रिकामा होत जाईल तसं दाट आणि स्निग्ध. दर पाच मिनिटांनी बाजू बदलत राहिलं की लॅक्टोज भरपूर आणि स्निग्धांश कमी मिळतो, मग शी हिरवट, फेसाळ होते आणि 'थंडी बाधली' म्हणून हिंग लावला जातो. एक बाजू पुरी होऊ द्यावी. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमानं पकडीवर मराठीतही व्हिडिओ केले आहेत. ते फुकट आहेत आणि बाळंतपणाआधी बघण्यासारखे आहेत.

रडणाऱ्या बाळाला काय करायचं? घ्यायचं. कालाहारीतल्या कुंग सान लोकांची बाळं दिवसभर आईच्या अंगाला असतात. रोनाल्ड बार यांच्या १९९१ च्या अभ्यासात त्यांचंही रडणं दुसऱ्या महिन्यातच शिगेला पोचताना दिसलं, पण दर वेळी ती थोडंच रडत. 'सारखं घेऊन सवय लागते' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. खांद्यावर, पालथ्या हातावर, ओटीत, जमेल तसं घ्यावं आणि घरातल्या प्रत्येकानं पाळीपाळीनं घ्यावं, बापानंसुद्धा. आईचा तोल सुटतोय असं वाटलं तर बाळाला उताणं, सुरक्षित जागी ठेवून तिनं पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. बाळाला रागानं गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. जगभरात हे घडतं ते बहुतेक याच रडण्याच्या आठवड्यांत.

हे सगळं 'काही झालेलं नाही'बद्दल झालं. काही झालेलं असतं तेव्हा ते वेगळं दिसतं. पहिली काळी शी ४८ तासांत झालीच नाही तर मोठ्या आतड्यातल्या मज्जापेशींचा जन्मजात अभाव असू शकतो. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला हा आजार साधारण पाच हजारांत एका बाळाला होतो आणि शस्त्रक्रियेनं बरा होतो. गर्द हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, शीत रक्त, पिचकारीसारखी पुन्हापुन्हा होणारी उलटी, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, मलूल होऊन पिणं सोडणं: यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. गुटी नको, दृष्ट नको, उद्याची वाट नको.

आणि एक लक्षण असं आहे की त्यात बाळ रडत नाही, कुंथत नाही, वजनही सुरुवातीला वाढतं. फक्त शीचा रंग उडत जातो. पिवळ्याऐवजी फिकट, मग चुन्यासारखी पांढरट. लघवी गडद होऊन दुपट्यावर डाग सोडते. डोळ्यांतली कावीळ चौदा दिवसांनंतरही तशीच. यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या बंद पडत जाण्याचा हा आजार युरोपात पंधरा-वीस हजारांत एका बाळाला होतो, तैवानमध्ये त्याहून बराच जास्त. जपानच्या सेंदाई शहरातले शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया शोधली. आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून द्यायची. ती लवकर झाली तर पुष्कळ बाळांचं स्वतःचं यकृत वर्षानुवर्षं टिकतं. उशीर झाला तर यकृत बदलण्याखेरीज मार्ग उरत नाही. तैवाननं २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आईला शीच्या रंगांची छापील पट्टी दिली आणि शस्त्रक्रिया आधीपेक्षा लवकर होऊ लागल्या. जपाननं २०१२ पासून तशी पट्टी माता-बाल पुस्तिकेतच घातली. आपल्याकडे ही बाळं शस्त्रक्रियेला पोचतात तेव्हा कित्येकदा तीन महिन्यांची झालेली असतात, कारण कावीळ म्हणून उन्हात ठेवण्यात आणि झाडपाल्याच्या माळा घालण्यात मधले आठवडे गेलेले असतात.

आपल्या हातातल्या माता व बाल संरक्षण कार्डाच्या मुखपृष्ठावर अशी रंगांची पट्टी असायला हवी. खर्च शाईचा आहे. ती येईपर्यंत दुपटं धुवायला टाकण्याआधी दिवसाच्या उजेडात एकदा रंग बघा. पिवळा, हिरवा, तपकिरी चालेल, दीड महिन्यानंतर किती दिवसांनी झाली तरीही चालेल. पांढुरका दिसला तर फोटो काढा, दुपटं तसंच पिशवीत घाला आणि बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा. ही शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत व्हावी लागते.